नुसता ओरखडा

भानुदासमामांच्या नळाखाली हात धरलेला प्रत्येक माणूस दोन मिनिटांत म्हणायचा, झालं की आता. मामा त्याच्याकडं न बघता साबणाची वडी पुन्हा हातात घ्यायचे.

नळदुर्गपासून हायवे सोडून आत गेलं की दहा-बारा किलोमीटरवर आमचं आरोग्य केंद्र होतं. मागच्या बाजूला सिमेंटचा ओटा, ओट्यावर नळ, नळाशेजारी लाल साबण आणि एक लोखंडी स्टूल. कुत्रं, मांजर, माकड, काहीही चावलेला माणूस आला की डॉक्टरांच्या आधी तो त्या स्टुलावर बसायचा. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं जखम धुवायची, हा मामांचा नियम. लोक घरून चुना भरून यायचे, हळद भरून यायचे, एक जण तर लाल तिखट भरून आला होता. मामा ते सगळं शांतपणे धुऊन काढायचे.

मामा कागदावर परिचर होते. म्हणजे झाडणं-पुसणं, केसपेपर नेऊन देणं, जखमा बांधणं. मी तिथं औषधनिर्माती म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांची नोकरीची शेवटची आठ वर्षं उरली होती. बुटके, काळेसावळे, डोक्यावर मागं सरकलेली पांढरी टोपी, आणि पाण्यात राहून राहून पांढुरकी पडलेली बोटं. मला पहिल्याच दिवशी त्यांनी ताई म्हटलं. वयानं मी त्यांच्या मुलीएवढी होते.

त्यांची खरी ओळख त्या पंधरा मिनिटांत व्हायची. माणसाला बसवून ठेवायचं तर बोलत ठेवायला हवं, म्हणून ते बोलायचे. कुणाचं कुत्रं होतं, हे ते कधी आधी विचारत नसत. "चावायच्या आधी तुमी काय करत हुता?" हा त्यांचा पहिला प्रश्न. लोकांना राग यायचा. चावलं आम्हाला आणि चौकशीही आमचीच. पण हळूहळू बाहेर यायचं. कुणी जेवणाऱ्या कुत्र्याची थाळी ओढलेली असायची, कुणी भिऊन पळत सुटलेला असायचा, कुणी झोपलेल्या मांजराच्या पोटावर हात ठेवलेला असायचा.

मग मामा सांगायचे की कुत्रं चावायच्या आधी बोलतं. अंग ताठ करतं, गुरगुरतं, दात दाखवतं, आणि एवढं करूनही माणूस पुढं जातो. मांजरही सांगतं, पण त्याचा आवाज बारीक. शेपटीचं टोक झटके देतं, कान मागं पडतात, पाठीची कातडी थरथरते. आपल्याला वाटतं लाडात आलंय.

जखमेवर नजर टाकून ते जनावर ओळखायचे. कुत्र्याचा चावा फाडतो, ठेचतो, रक्त वाहतं, घरचे घाबरून पळत आणतात. मांजराचा दात सुईसारखा जातो. वर फक्त ठिपका राहतो, भोक मिटतं आणि घाण आत अडकते. असा माणूस तिसऱ्या दिवशी हात सुजवून येतो.

मग दोन्हींत वाईट कोण, असं लोक हमखास विचारायचे. मामा कुणाचीच बाजू घ्यायचे नाहीत. पिसाळून माणसं मेली ती बहुतेक कुत्र्यांनीच, आणि लहान पोराच्या तोंडापर्यंत पोचतं तेही कुत्रंच, हे ते कबूल करायचे. पण हाताचं बोट कामातून गेलेलं बघायचं असेल तर मांजराकडं जा, म्हणायचे. आणि शेवटी एकच वाक्य, "ज्याला आपण भीत न्हाय, ते आधी बघायचं."

हायवेवरच्या एका धाब्याचा मालक असाच आला होता. आडवातिडवा माणूस, गळ्यात सोन्याची साखळी. त्याची पाळलेली मांजर खिडकीत बसून बाहेरच्या बोक्यावर फिस्कारत होती, आणि यानं तिला मागून उचललं. राग बोक्यावरचा, दात याच्या अंगठ्यात. बायकोनं हट्ट केला म्हणून आलोय, असं तो हसत सांगत होता. मामांनी त्याला पंधराऐवजी वीस मिनिटं बसवलं, मी गोळ्या दिल्या, उद्या दाखवायला या म्हणून मामांनी दोनदा बजावलं. तो आला नाही. गोळ्याही त्यानं खाल्ल्या नाहीत. चौथ्या दिवशी आला तेव्हा हात कोपरापर्यंत लाल होता आणि साखळीवाला माणूस लहान पोरासारखा कण्हत होता. सोलापूरला नेऊन अंगठा उघडावा लागला. तो सांधा पुन्हा वाकला नाही. पुढं येणाऱ्याजाणाऱ्या ट्रक ड्रायव्हरला तो ताठ अंगठा दाखवून मांजराची गोष्ट सांगायचा, आणि मामा त्याच्या धाब्यावर गेले की उठून उभा राहायचा.

दुसरी गोष्ट एका काळ्या कुत्रीची. ती चौथीतल्या एका मुलीच्या पोटरीला चावली, आणि मुलीला केंद्रात आणून सोडून वीसेक माणसं काठ्या घेऊन कुत्रीमागं निघाली. मामांनी मुलीची जखम धुता धुता तिच्याकडून काढून घेतलं की कडब्याच्या गंजीमागं पिल्लं होती आणि तिनं एक उचललं होतं. मुलीची सुई झाल्यावर मामा गंजीपाशी गेले. त्यांनी कुणाशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले की ही मेली तर ती पिसाळलेली होती का, हे कुणालाच कळणार नाही, आणि पोरीच्या आईला वर्षभर झोप लागणार नाही. दहा दिवस मला द्या. त्यांनी कुत्रीला पिल्लांसकट केंद्राच्या मागं बांधलं. रोज सकाळी ती खाते का, नीट चालते का, आवाज बदललाय का, लाळ गळते का, हे बघून मुलीच्या आईला सांगून यायचे. अकराव्या दिवशी सोडली. मुलीची एकही सुई मात्र त्यांनी चुकवू दिली नाही.

सुयांच्या बाबतीत ते कुणाचंही ऐकत नसत. लोक पहिली सुई भीतीनं घेतात, दुसरी कंटाळत घेतात आणि नंतर येत नाहीत. मामांच्या खिशात एक वही असायची, तीत तारखा. कोण आलं नाही हे बघून ते सायकल काढायचे. दारात उभं राहून विचारायचे आणि घरचा माणूस टोचलं म्हणाला, की हात पुढं करायचे, "कार्ड दावा." सरपंचालासुद्धा त्यांनी कार्ड दाखवायला लावलं होतं.

बायको लवकर गेलेली. मुलगी एकच, रेखा. ती शाळा सुटली की केंद्रातच यायची, ओट्याच्या कडेला बसून अभ्यास करायची, असं जुन्या सिस्टर सांगायच्या. मी तिला लग्नानंतरच पाहिलं. वाशी तालुक्यातल्या एका खेड्यात दिली होती, घर शेतीचं, माणसं चांगली. तिला ईश्वरी नावाची दोन वर्षांची मुलगी होती.

रोज दुपारी एक वाजता बाप-लेक फोनवर बोलायचे. मामा डब्याला फोन टेकवून ठेवायचे आणि स्पीकर लावून जेवायचे, म्हणजे ती समोर बसल्यासारखी वाटायची. काय भाजी केली, ईश्वरीनं काय सांडलं, गाय किती दूध देते. मी शेजारच्या टेबलावर जेवायचे. न ऐकण्याचा प्रश्नच नव्हता.

सोयाबीनचे दिवस होते. रेखा बोलता बोलता म्हणाली की घरातली मनी मांजर कान फाडून घरी आली होती, कुठल्या तरी कुत्र्यानं धरली असेल. हळद लावायला गेले तर उजव्या मनगटावर नख मारलं.

मामांचा घास थांबला. दात लागला का, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, नाही, नुसता ओरखडा. रक्त? आलं थोडं. धुतलं का? ती हसली आणि म्हणाली, तुमची लेक आहे, पंधरा मिनिटं धुतलं, सासूबाई पाणी वाया घालवते म्हणत होत्या.

मामांनी तिला आजच्या आज वाशीला जाऊन सुई घ्यायला सांगितलं. ती म्हणाली, आज मळणीयंत्र आलंय, दहा माणसांचा स्वयंपाक आहे, उद्या बघते. मामा म्हणाले, उद्या मीच येतो आणि घेऊन जातो. फोन ठेवून ते मला म्हणाले, "कुत्र्यानं धरलेलं मांजर हाय ताई. जायालाच पायजे." तिथंच त्यांनी दुसऱ्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होते. तिथंच त्यांना पहिला माणूस दिसला, पायातून रक्त गाळत पळत येणारा. गावात एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं होतं. तासाभरात त्यानं सात जणांना फोडलं. एका म्हातारीचा गाल फाटून लोंबत होता. मामांनी पिशवी माझ्या टेबलाखाली ठेवली आणि बाह्या वर केल्या. त्या दिवशी नळ दुपारपर्यंत बंद झाला नाही. खोल जखमावाल्यांना अँब्युलन्सनं धाराशिवला पाठवलं, बाकीच्यांना सिस्टरनी इथंच टोचलं. गावभर रडारड, आणि मध्यभागी हे एकटे न घाबरलेले.

त्या दिवशी त्यांचा एकचा फोन झालाच नाही. संध्याकाळी त्यांनी लावला तेव्हा मी तिथंच होते. रेखानं सगळं ऐकलं होतं. तुम्ही तिकडंच थांबा, मी जाते, म्हणाली. पुढचे चार-पाच दिवस मामा त्या सात जणांच्या मागं होते. म्हातारीचा मुलगा तिला देवऋष्याकडं न्यायला निघाला होता, त्याला त्यांनी अडवलं. एक जण ऊसतोडीला जायला निघाला होता, त्याला टोळीच्या ट्रॅक्टरवरून उतरवून आणलं.

असंच एका दुपारी रेखा सहज म्हणाली की मनी दोन दिवस घरी आली नाही, कुठं भटकतेय कोण जाणे. मामांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. तू टोचलंस ना, त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "व्हय बाबा, टोचलं की."

मामांनी हातातली भाकरी मोडली आणि जेवायला लागले.

तिला कुठल्या तारखेला, कुणी टोचलं, पुढची सुई कधी, हे त्यांनी विचारलं नाही. कार्डाचा फोटो पाठव म्हणाले नाहीत. मीही शेजारीच बसले होते. मलाही ते सुचलं नाही.

दोन महिने गेले. सातच्या सात जण ठणठणीत होते. एका दुपारी मामा डबा उघडून बसले होते आणि रेखा म्हणाली की घसा दुखतोय, अंगात कणकण आहे, हाताला मुंग्या येतात. मामांनी अगदी हळू आवाजात विचारलं, कुठल्या हाताला. ती उजव्या म्हणाली. मामा उठले. डबा उघडाच टाकून, टोपी न घालता फाट्याकडं गेले. तुळजापूरला गाडी बदलून, धाराशिवला गाडी बदलून ते तिच्या घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता.

पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं. तेही ओट्यावर बसून, नळाकडं बघत.

रेखा आतल्या खोलीत दार लोटून बसली होती. वारं सोसत नाही म्हणून पंखा बंद केला होता. बापाला बघून उठली, हसली. मामांनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून तिच्यापुढं धरलं. तिनं हात पुढं केला, पेला ओठांपर्यंत नेला, आणि तिचा गळा आवळून आला. पेला खाली पडला. मामांनी तो उचलला, बाजूला ठेवला आणि म्हणाले, नको पिऊ, राहू दे.

ओट्याच्या कडेला बसून अभ्यास केलेली मुलगी ती. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. ती बापाच्या तोंडाकडं बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "मी खोटं बोलले हुते. म्या टोचलं न्हवतं. तुमी एवढ्या गडबडीत, उगं धावत आला असता."

मामा म्हणाले, "मला ठावं हुतं. मीच यायला पायजे हुतं."

हे सांगून ते माझ्याकडं वळले. "ठावं न्हवतं ताई. मला खरंच वाटलं हुतं तिनं टोचलंय. पण तिला कशाला वाटू द्यायचं."

धाराशिवच्या दवाखान्यात तिला अंधाऱ्या, बिनपंख्याच्या खोलीत ठेवलं. डॉक्टर मामांना समजावून सांगायला लागले तेव्हा मामांनी मान हलवून त्यांना थांबवलं. तिला गुंगीचं औषध मिळेल का, एवढंच विचारलं. मग बाहेर येऊन जावयाला, सासूला, ईश्वरीला, रेखाच्या उष्ट्यापाण्याशी संबंध आलेल्या सगळ्यांना रांगेत उभं करून सुया द्यायला लावल्या. सासू रडत सांगत होती की मनी गोठ्यामागं मरून पडली होती, आम्हाला काय माहीत. मामा तिला म्हणाले, आधी हात पुढं करा. शेवटी स्वतः टोचून घेतलं. मग लेकीजवळ जाऊन बसले. ती तिसऱ्या दिवशी गेली.

मामा चार आठवड्यांनी कामावर आले. स्वतःची शेवटची सुई त्यांनी आमच्याकडंच घेतली आणि कार्ड सिस्टरपुढं धरून तारीख लिहून घेतली. त्यानंतर थोड्याच वेळात एक बाई आली. घरच्या मांजरानं बोचकारलंय, काही नाही, शेजारणीनं सांगितलं म्हणून आले, म्हणाली. आम्ही सगळे जिथल्या तिथं थांबलो. मामांनी तिला स्टुलावर बसवलं, नळ सोडला आणि साबण हातात घेतला.

पंधरा मिनिटं ते एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवसापासून पुढं जखम धुताना कधीच बोलले नाहीत. काय करत होता, हेही विचारलं नाही. कुत्र्याचं काय, मांजराचं काय, सगळं बंद झालं. नुसता पाण्याचा आवाज यायचा. लोक अवघडून स्वतःच काहीबाही बोलायचे आणि मग गप्प व्हायचे. एक वाजता मामा डबा उघडायचे. फोन खिशातच असायचा.

मला वाटलं होतं ते मांजरांचा राग करतील. केंद्राच्या आवारात एक पिवळी मांजर फिरायची, तिला सिस्टरनी हाकललं तेव्हा मामांनी तिला हातानं खूण करून राहू द्यायला सांगितलं.

गाल फाटलेली म्हातारी एकदा शेंगांचे लाडू घेऊन आली. गालावर वेडावाकडा वण, पण डोळे हसरे. तुमच्यामुळं जगले बाबा, म्हणून तिनं मामांच्या पायाला हात लावला. मामांनी डबा घेतला, तिला रिक्षापर्यंत सोडून आले आणि लाडू माझ्या टेबलावर ठेवले. "त्या दिवशी ह्या सात जणांची तोंडं माझ्यापुढं हुती ताई," ते म्हणाले. "तिचं तोंड फोनमदी हुतं." लाडवाला त्यांनी हात लावला नाही.

ते निवृत्त झाले तेव्हा आम्ही शाल-नारळ दिलं. भाषण करायला उठले आणि नमस्कार करून खाली बसले. नंतर कळलं की घर बंद करून ते वाशीकडं, रेखाच्या गावी राहायला गेले. जावयानंच बोलावलं होतं. ईश्वरीला शाळेत सोडायचं, आणायचं, एवढं काम.

गेल्या वर्षी माझी बदली वाशी तालुक्यात झाली. एका सकाळी औषधाच्या खिडकीतून मी समोरच्या रांगेत बघितलं आणि मामा दिसले. टोपी नव्हती, केस पूर्ण पांढरे. कडेवर न मावणारी सहा वर्षांची मुलगी त्यांनी तरीही कडेवर घेतली होती. मी बाहेर आले, आत चला म्हणाले. त्यांनी मला ओळखलं, डोळे मिचकावून हसल्यासारखं केलं, आणि नंबर आल्यावरच येतो म्हणाले. शाळेजवळच्या मांजराच्या पिल्लानं ओरखडलं होतं. आज चौथी सुई होती. तिन्ही तारखांच्या खाली सही असलेलं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी छातीशी धरलं होतं.

नंबर आला. मामा खुर्चीवर बसले, ईश्वरीला मांडीवर घेतलं आणि तिचा मोकळा हात दोन्ही हातांत धरला. तिचा चेहरा रेखासारखा आहे, हनुवटी तशीच. सिस्टरनी टोचलं. ईश्वरी सुईकडं बघत होती, हूं की चूं केलं नाही. मामांनी डोळे मिटून घेतले होते.

सिस्टर म्हणाल्या, काका, झालं, सोडा तिला. मामांनी ऐकलं नाही. मागच्या रांगेतली माणसं बघायला लागली. सिस्टर पुन्हा म्हणाल्या.

"आबा, सोड की," ईश्वरी म्हणाली. "झालं."

मामांनी डोळे उघडले. आपल्या हातांकडं बघितलं आणि एकेक बोट सैल करायला लागले.